सव्वापट

मंडळात त्याला कानसेन म्हणत. ज्याला गाता येत नाही त्याने निदान ऐकावं तरी नीट, या न्यायाने ते नाव त्याला चिकटलं होतं. त्याने ते इतक्या गंभीरपणे घेतलं की पुढे पुढे त्याच्या बायकोनेही तेच उचललं. तिच्या तोंडी मात्र त्याला जरा वेगळी चव येई. "अहो कानसेन, दारावरची बेल वाजतेय. केव्हाची."

पोटासाठीही तो ऐकण्याचाच धंदा करायचा, म्हणजे दुसऱ्यांच्या ऐकण्याचा. एका कानाच्या दवाखान्यात तो श्रवणतपासनीस होता. आतल्या खोलीत डॉक्टरीणबाई लोकांच्या कानात डोकावत आणि बाहेरच्या खोलीत हा लोकांना पेटीत बसवी. पेटी म्हणजे आतून राखाडी फेसाच्या पट्ट्या डकवलेली, जाड दाराची, एका माणसापुरती खोली. दार लागलं की बाहेरचं जग पुसून टाकल्यासारखं व्हायचं. पेशंटच्या उजव्या कानावर हेडफोनचा लाल गोळा, डाव्यावर निळा, हातात एक बटण. "आवाज आला की दाबायचं. अगदी मुंगीएवढा आला तरी दाबायचं," असं सांगून तो काचेपलीकडे आपल्या यंत्रापाशी जाऊन बसे.

या कामात त्याला माणसाच्या स्वभावातली एक गोष्ट कळली होती. ऐकू येत नाही याचं माणसाला फारसं दुःख नसतं. ते दुसऱ्याला कळेल, याचं असतं. म्हणून लोक अंदाजाने बटण दाबत. म्हातारे दाबत, आणि त्यांना घेऊन आलेले त्यांचे मुलगे, "आलोच आहे तर माझंही बघा," म्हणून आत बसले की त्याहून जास्त दाबत. असा कोणी भेटला की कानसेन यंत्रावरचा हात काढून घेई आणि नुसता बसून राही. पेटीत ठार शांतता. जरा वेळाने आतला गृहस्थ अस्वस्थ होई, इकडेतिकडे बघे, आणि मग मोठ्या आत्मविश्वासाने बटण दाबे.

"काका, मी काही वाजवलंच नाही," दार उघडून कानसेन सांगे.

"असं कसं? मला स्पष्ट ऐकू आलं!"

हा किस्सा तो मंडळात अधूनमधून सांगायचा आणि मंडळ दर वेळी पोट धरून हसायचं.

मंडळ भरायचं रविवारी दुपारी, टायरच्या दुकानामागच्या गोदामात. रबराच्या वासात, रचून ठेवलेल्या टायरांवर बसून ही मंडळी जे संगीत ऐकत, त्याला टेक्निकल डेथ मेटल म्हणतात. ज्यांच्या कानावर ते कधी पडलं नाही त्यांनी अशी कल्पना करावी, की पत्र्याच्या छपरावर गारा पडताहेत, पण त्या गारा आधी गणिताचा अभ्यास करून आल्या आहेत, आणि खाली कुणीतरी गुळण्या करता करता शाप देतंय. गाणाऱ्याचा एक शब्द कळत नाही, आणि कळला तर त्याचं काहीतरी चुकलं असं समजतात. गिटारवाला एका श्वासात इतके स्वर उपसतो की तेवढ्यात एखाद्या साध्या गायकाचं वर्षभराचं भागावं. ड्रमवाला दोन्ही पायांनी शिवणयंत्र हाणावं तसा हाणत असतो. हे सगळं फार अवघड असतं, आणि ते अवघड आहे हे आपल्याला ओळखता येतं, यातच ऐकणाऱ्याचा निम्मा आनंद असतो.

गोदाम टायरवाल्याचं, कपाटाएवढे स्पीकरही त्याचेच. त्यामुळे गाणी कशी का असेनात, "आवाज कसा निघतोय बघा" एवढंच त्याचं मत असे. दुसऱ्या वकीलबाई. दिवसभर लोकांच्या वाटण्यांचे दावे गोड आवाजात लढवायच्या आणि रविवारी येऊन डोळे मिटून ती गुरगुर ऐकायच्या. "मला न्यायाधीशांना जे म्हणायचं असतं ते हा माणूस म्हणतो," असं त्या सांगत. तिसऱ्याला सगळे जुना म्हणत, कारण कुठल्याही वाद्यवृंदाबद्दल त्याचं एकच मत असे: "आधीचं बरं होतं." एखाद्याचा पहिलाच अल्बम असला तरी तो डगमगत नसे, अल्बमच्या आधी त्यांनी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जे केलं असेल ते बरं होतं. बाकीचे री ओढणारे. त्यांच्याशिवाय कुठलंच मंडळ चालत नाही.

मंडळाचा रिवाज असा, की नव्या अल्बमवर पहिलं मत कानसेनाचं. तो अल्बम पूर्ण ऐके, डोळे मिटून, कॉम्प्युटरच्या पडद्याकडे न बघता. ताल मोजायला तेवढं एक ठोक्यांचं यंत्र हाताशी, दर ठोक्याला बोटाने दाबायचं. मग मंडळाच्या पानावर लिही, आणि ते वाचून बाकीचे ऐकायला बसत. त्याचं मत सहसा दोन ओळींचं आणि लिंबासारखं आंबट असे. त्याने कुणाला चांगलं म्हटल्याचं मंडळाच्या स्मरणात नव्हतं. म्हणूनच तर त्याच्या शब्दाला वजन होतं. जो कधीच जेवण वाढत नाही त्याच्या दारातही लोक पत्रावळ घेऊन उभे राहतात, तसं ते होतं.

त्या रांगेत त्याचा धाकटा मेहुणाही होता.

मेहुणा एका सलूनमध्ये केस कापायचा. स्वतःचे केस कमरेपर्यंत वाढवलेला न्हावी बघून नवी गिऱ्हाइकं दारातच थबकत, पण हात इतका हलका की एकदा बसलेला परत दुसरीकडे जात नसे. हे संगीत त्याला दाजींच्याच घरी लागलं. ताईकडे सुटीला यायचा तेव्हा दाजींच्या खोलीच्या दाराला कान लावून बसायचा. ताई म्हणायची, "चांगला गुण घे ना रे एखादा." आता तो 'मज्जारज्जू' नावाच्या वाद्यवृंदात ड्रम वाजवत होता आणि त्यांचा पहिला अल्बम तयार झाला होता. नाव 'अस्थिगणित'. त्यातल्या तिसऱ्या गाण्याचं नाव 'यकृताचं प्रमेय' होतं आणि इतर नावं त्याहून नाजूक नव्हती.

बाहेर पडायच्या आधी आठवडाभर अल्बमची एक प्रत कानसेनाकडे आली. मेहुणा स्वतः घेऊन आला, चहा न पिता गेला. जाताना फक्त म्हणाला, "दाजी, नातं मध्ये आणू नका."

"मी? नातं?" कानसेन दुखावला. उलट त्याने मनाशी ठरवलंच होतं की घरचा म्हणून जरा जास्तच कडक व्हायचं.

घरातला कॉम्प्युटर त्या दिवसांत बायकोच्या ताब्यात होता. ती विमा कार्यालयात होती आणि बढतीची परीक्षा तोंडावर आली होती. स्वयंपाक करता करता ती लेखाशास्त्राची व्याख्यानं ऐके. ती कामावरून यायच्या आत कानसेन कॉम्प्युटरपाशी बसला, कानांवर आपले जाड गोळे चढवले, अल्बम लावला आणि डोळे मिटले.

पहिलं गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा त्याच्या हातातलं ठोक्यांचं यंत्र बंद पडलं. म्हणजे यंत्र चालूच होतं. बोट मागे पडलं होतं. त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा मागे पडलं. हा वेग माणसाचा नव्हता. आणि तरी प्रत्येक ठोका वेगळा, जिथल्या तिथे. हा आपला मेहुणा? जो लग्नात वरातीच्या बँडसमोर लाजून नाचला नव्हता, तो? कानसेनाच्या अंगावर काटा आला. त्याने अल्बम रिवाजाप्रमाणे तीनदा ऐकला आणि मग, कडक व्हायचं ठरवलेलं असूनही, खरं तेच लिहिलं.

"आजवर मी वेग ऐकला आहे असं मला वाटत होतं," असं ते मत सुरू होत होतं. "वेग म्हणजे काय ते 'अस्थिगणित' ऐकून कळलं. या ड्रमवाल्याच्या मनगटात हाडं आहेत की नाहीत, याची चौकशी व्हावी." खाली, मिनिटाला किती ठोके पडतात त्याचा, शेवटी कसाबसा मोजलेला आकडा दिला होता.

 मंडळाच्या पानावर धरण फुटलं. अल्बम बाहेर पडला आणि ज्याने त्याने ऐकून आपापलं बटण दाबलं. एकाने लिहिलं की दुसऱ्या गाण्यात त्याला चक्कर येऊन भिंत धरावी लागली. एकाने लिहिलं, इतका वेग सहन करायला तयारी लागते, हे सगळ्यांसाठी नाही. वकीलबाईंनी लिहिलं, "गुरगुर वेगाला पुरून उरते, हे विशेष." एका री ओढणाऱ्याने कानसेनाचा आकडा स्वतः मोजून पाहिला आणि तो "तंतोतंत" निघाल्याचं जाहीर केलं. जुना म्हणाला, वेग आहे, मान्य. पण गॅरेजमध्ये याहून होता.

मेहुण्याने काहीच लिहिलं नाही. एकदा फक्त फोन केला. "दाजी, वाचलं," म्हणाला. मागे कुणीतरी गिऱ्हाईक त्याला हाका मारत होतं. "ठेवतो."

पुढच्या रविवारी मंडळाने 'अस्थिगणित' एकत्र ऐकायचं ठरवलं. गोदाम भरलं होतं. लोक ट्रकच्या टायरांत पाय दुमडून बसले होते. टायरवाल्याने अल्बम लावला. कानसेनाने डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"थांबवा."

"काय झालं?"

"हे रेंगाळतंय."

टायरवाल्याचा चेहरा पडला. "रेंगाळतंय? माझं मशीन?"

"हो. वेग कुठाय? हे म्हणजे चिखलातून गाडी ओढल्यासारखं वाटतंय. तुम्हाला नाही जाणवत?"

टायरांवरची मंडळी इकडेतिकडे बघायला लागली.

"मला आल्याआल्याच जाणवलं होतं," मागून कुणीतरी म्हणालं.

"मी म्हणणारच होते," वकीलबाई म्हणाल्या. "पण म्हटलं, यजमानांना कशाला."

"तारांचा दोष असणार," एक री ओढणारा म्हणाला. "जुन्या तारांत आवाज अडकतो."

"जुन्या तारांना नाव ठेवू नका," जुना म्हणाला, पण रेंगाळतंय हे त्यालाही मान्य होतं.

टायरवाल्याने त्याच आठवड्यात सगळ्या तारा बदलल्या आणि मंडळाला ऐकायला बोलावलं. जे गेले त्यांनी एकमुखाने सांगितलं, "आता कसं! आता आला वेग!" कानसेन मात्र गेला नाही, कारण तोपर्यंत त्याच्या पायाखालची वाळू सरकली होती.

झालं असं, की रविवारी गोदामातून तो तणतणत घरी आला आणि कान धुऊन घ्यावेत म्हणून त्याने पुन्हा कॉम्प्युटरवर 'अस्थिगणित' लावलं. तोच वेग, तोच थरार. त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने कानांवरचे गोळे काढून स्पीकर चालू केला आणि बायकोला हाक मारली.

"अगं, ये. ऐक जरा. तुझ्या भावाचं ऐक."

ती ओले हात पुसत आली. "काय बाई हे! कुणी भांड्यांची मांडणी पाडली?"

"वेग बघ वेग. आणि त्या टायरवाल्याच्या डबड्यावर..."

"अहो," ती पडद्याकडे बघत म्हणाली, "हे सव्वापटीवर आहे."

"काय सव्वापटीवर आहे?"

"हे. कोपऱ्यात लिहिलंय बघा. माझे लेखाशास्त्राचे सर दोन शब्दांच्या मध्ये जांभई देतात, म्हणून मी वेग वाढवून ठेवते. आवाज बारीक होत नाही, नुसती घाई होते. ते आपलं तसंच राहतं, मग काहीही लावा."

तिने बोट टेकवलं. मज्जारज्जूने दम सोडल्यासारखं केलं आणि खोलीत बरोब्बर टायरवाल्याच्या गोदामातलं संगीत वाजू लागलं.

ती हसायला लागली ती खाली बसेपर्यंत हसली. "मनगटाच्या हाडांची चौकशी! अहो, तुम्ही माझ्या सरांची तारीफ केलीत! त्यांना कळवा, एवढ्या वर्षांत कुणी त्यांना वेगवान म्हटलं नसेल!"

कानसेन कोपऱ्यातला तो आकडा बघत बसला.  आणि मग ती हसता हसता एकदम थांबली.

"म्हणजे तो हात सुजवून घेतोय तो यासाठी?"

"कोण?"

"कोण काय! काल आईचा फोन होता. म्हणाली, पोरगा रोज सलूनला जायच्या आधी ते बडवत बसतो, मनगट हे एवढं झालंय, विचारलं तर सांगत नाही. आता कार्यक्रम आहे ना त्यांचा पुढच्या महिन्यात, लोकांसमोर." ती उठून उभी राहिली. आता तिच्या आवाजात हसू नव्हतं. "तो हात गेला तर ड्रम राहू द्या, कात्रीसुद्धा धरता यायची नाही त्याला. तुम्ही जा आणि निस्तरा."

निस्तरायला जायच्या आधी कानसेनाने मनाला पटतील अशी बरीच कारणं शोधून पाहिली. मत हे मत असतं, त्यात चूक काय नि बरोबर काय. इतक्यांनी ऐकलं, सगळ्यांना वेग जाणवला. म्हणजे काहीतरी असणारच. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एका बाईंनी शांततेत बटण दाबलं. एरवी तो हसला असता. त्या दिवशी त्याने काही न बोलता पुढचा आवाज वाजवला. संध्याकाळी तो सलूनमध्ये गेला.

मेहुण्याने त्याला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं आणि कंगवा पाण्यात बुडवला. उजव्या मनगटावर लवचीक पट्टा गुंडाळलेला होता. बोलणं आरशातून सुरू झालं.

"हाताला काय झालं?"

"काही नाही. बेसिनला लागला."

"बेसिन फार वेगात होतं वाटतं."

मेहुण्याने मान खाली घातली आणि कात्री चालवायला लागला. नेहमीचा तिचा कचकच आवाज एका लयीत असायचा. आज मध्येमध्ये अडखळत होता.  मान कापडात, कान कात्रीखाली. कबुली द्यायला याहून बरी जागा त्याला सापडली नसती, कारण उठून पळता येत नव्हतं.

"मी तुझा अल्बम सव्वापट वेगाने ऐकला," तो म्हणाला. "ताईच्या परीक्षेच्या व्याख्यानांनी घोटाळा केला. तो आकडा चुकीचा आहे."

कात्री थांबली.

"मला माहीत होतं, दाजी."

"काय माहीत होतं?"

"आकडा चुकीचा आहे ते. वाजवलं मीच ना."

"अरे मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी चांगलं म्हणालात, आणि तो मी निघालो. मी फोन करून सांगू, की नाही हो, मी एवढा चांगला नाहीये?" त्याने कंगवा उगाच पुन्हा पाण्यात बुडवला. "आणि नंतर सगळेच म्हणायला लागले. रेकॉर्डवर नाही ते त्यांना ऐकू आलं. पण कार्यक्रमात ते डोळ्यांनी बघणार ना. म्हटलं, तुमचं मत खोडण्यापेक्षा खरं करून दाखवणं सोपं जाईल."

"आणि हात?"

"हात होईल बरा."

"मी लिहितो. चूक झाली म्हणून उद्याच लिहितो."

"लिहा की. म्हणजे लोक म्हणतील, अरेच्चा, हा तर हळू वाजवतो." आरशातला त्याचा चेहरा लाल झाला होता. "वेग काढून घेतला, की मग मागे काय उरतं ते सांगा. खऱ्या वेगात कसा वाटला अल्बम?"

 खऱ्या वेगात त्याने तो दोनदा ऐकला होता. एकदा टायरवाल्याच्या मशीनला शिव्या देत आणि एकदा बायकोच्या हसण्यात.

"अजून ऐकलाच नाहीये," तो म्हणाला.

शेजारच्या खुर्चीत गालांना फेस लावून बसलेला गृहस्थ कंटाळून म्हणाला, "अहो, त्यांचं अर्धं डोकं कापून ठेवलंय. ते तरी कुठल्याही वेगात पुरं करा."

मेहुण्याने ते पुरं केलं. मानेवरचे केस झटकत, कापड सोडत तो खाली वाकून म्हणाला, "तुम्ही खरं लिहिलंत तर मी माझ्या वेगाने वाजवीन. नाही लिहिलंत तर तुमच्या वेगाने. मग मनगटाचं व्हायचं ते होऊ दे."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत, डॉक्टरीणबाई घरी गेल्यावर, कानसेन पेशंटच्या स्टुलावर जाऊन बसला आणि पेटीचं जाड दार त्याने आतून ओढून घेतलं. इतकी वर्षं लोकांना आत बसवलं. स्वतः कधी बसला नव्हता. आधी स्वतःच्याच रक्ताची गुणगुण ऐकू आली. मग त्याने फोनवर 'अस्थिगणित' लावलं, कोपऱ्यातला आकडा दोनदा तपासून. ठोक्यांचं यंत्र त्याने आणलं नव्हतं. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून ते मांडीखाली घातले.

सव्वापटीत सगळ्या फटी बुजून गेल्या होत्या, हे त्याला आता कळलं. इथे ठोक्याठोक्यांत बारीक जागा होत्या, जाळीच्या खिडकीतून उजेड यावा तशा. मेहुणा गिटारच्या मागे धावत नव्हता. किंचित मागे राहून तिला पुढे जाऊ देत होता, जसा गिऱ्हाइकाची मान हलली तर हात थांबवून वाट बघायचा. दुसऱ्या गाण्यात त्याचा डावा पाय एका ठिकाणी चुकलाही होता. आणि तिसऱ्यात, त्या यकृताच्या प्रमेयात, सगळे राक्षस एकदम ओरडत असताना त्याने झांजेला इतका हलका स्पर्श केला होता की कानसेनाला आपण ती ऐकली की नुसती वाटली, हे कळेना. त्याने मागे जाऊन पुन्हा ऐकलं. होती.

त्या संध्याकाळी त्याने मंडळाच्या पानावर आपलं दुसरं मत टाकलं. कॉम्प्युटर, बायकोची परीक्षा, लेखाशास्त्राचे सर, सगळं उलगडून सांगितलं. आकडा मागे घेतला. मग लिहिलं: "खऱ्या वेगात हा अल्बम जगातला सगळ्यात वेगवान नाही. दुसऱ्या गाण्यात एक चूकसुद्धा आहे. पण हा ड्रमवाला वाजवताना बाकीच्यांचं ऐकतो. मी इतकी वर्षं मत देतोय, माझ्या ते लक्षात यायला हवं होतं."

त्याला वाटलं होतं, लोक हसतील. फार तर चिडतील. तसं काही झालं नाही. त्यांनी ते मानलंच नाही.

"साक्षीदाराने जबाब फिरवला की आम्ही त्याला फितूर म्हणतो," वकीलबाईंनी लिहिलं. "आणि पहिला जबाब धरून चालतो."

"मी तर सव्वापटीवर ऐकलं नव्हतं," ज्याला भिंत धरावी लागली होती तो म्हणाला, "तरी मला तेवढाच वेग ऐकू आला. म्हणजे वेग आहे. कानसेनांचा कॉम्प्युटर काहीही म्हणो."

टायरवाला तर हटूनच बसला. नव्या तारांनी वेग परत आला होता हे त्याने आपल्या कानांनी ऐकलं होतं. आता वेग नव्हताच म्हणणं म्हणजे तारांचा अपमान. कुणीतरी कुजबुजलं की हे घरातलं प्रकरण दिसतंय, सासरचा दबाव असणार. जुन्याने दोन्ही मतं शेजारीशेजारी ठेवून वाचली आणि म्हणाला, "आधीचं बरं होतं."

ठरलं असं, की पुढच्या अल्बमवर पहिलं मत वकीलबाई देतील.

"तुम्हाला वाईट वाटतंय?" बायकोने विचारलं. ती पुस्तकात डोकं घालून बसली होती.

"नाही."

"सव्वापट वाटतंय," ती म्हणाली आणि तिने त्याचा चहा त्याच्याकडे सरकवला.

कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता, रविवारी दुपारी, घडीच्या खुर्च्यांवर. पडदे नीट लागत नव्हते, त्यामुळे मज्जारज्जूच्या चौघांवर उन्हाचे पट्टे पडले होते आणि त्या उजेडात गाणारा, जो एरवी कुरिअरच्या ऑफिसात पाकिटं निवडायचा, जरा कावराबावरा दिसत होता. मंडळ पुढच्या रांगेत होतं. कानसेनासाठी जागा कुणी धरली नव्हती. तो बायकोबरोबर मागे, पंख्याच्या खाली बसला. मेहुण्याच्या मनगटावर पट्टा होता. त्याने काड्या उचलल्या, एकदा मागच्या रांगेकडे पाहिलं, आणि आपल्या वेगाने सुरुवात केली.

पुढची रांग मान हलवत होती. मधल्या वेळात भिंत धरणारा पाण्याची बाटली भरायला मागे आला आणि कानसेनाला बघून चाचरला, मग न राहवून म्हणाला, "बघितलंत? आज तर दीडपट आहे!"

शेवटच्या गाण्यात, सगळं अगदी टोकाला पोचलेलं असताना, ड्रम एकाएकी थांबले. गिटारवाला एकटाच पुढे गेला, कड्याच्या टोकावर पाय ठेवल्यासारखा. निमिषभर सभागृहात नुसता तो एक उघडा स्वर होता. मग ड्रम परत आले आणि सगळं कोसळलं. कानसेनाने बायकोचा हात घट्ट धरला. "काय झालं?" तिने विचारलं. त्याने नुसतं मंचाकडे बोट दाखवलं.

लोक पांगल्यावर ती दोघं सामान उचलायला थांबली. मेहुणा घामाने भिजलेला, केस बांधून, झांजा पिशवीत घालत होता. मतं त्याच्या कानावर येऊन गेली होती. वकीलबाईंनी हात हातात घेऊन दाबला होता, पट्टा असलेलाच. कानसेन जवळ गेला आणि मोठा ढोल एका बाजूने धरला.

"बोला दाजी," मेहुणा म्हणाला. त्याने वर पाहिलं नाही.

"शेवटच्या गाण्यात तू थांबलास," कानसेन म्हणाला. "रेकॉर्डवर तसं नाहीये. मी पेटीत बसून सगळं ऐकलंय, तिथे तू थांबत नाहीस. आज थांबलास. ती जागा फार... तिथे मला वाटलं, की आपण यासाठीच आलो होतो."

मेहुण्याने पिशवीची चेन अर्धवट ओढली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"दाजी, तिथे काडी सुटली हातातून. बोटं आखडली."

बायको मागे झांजेचा स्टँड काखेत धरून उभी होती. तिने ओठ घट्ट मिटले, पण तिचे खांदे हलायला लागले. कानसेनाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मेहुण्याच्या मनगटाकडे.

"मग काय केलंस?"

"काय करणार? दुसरी उचलली."

"चांगली उचललीस," कानसेन म्हणाला. "आता या हाताने काही उचलू नकोस. ढोल मी नेतो."